भंगारातून सळई: स्टीलच्या कारखान्यात काय वाया जातं आणि काय पुन्हा वापरात येतं?

आयएनएस विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू नौका. १९७१ च्या युद्धात भाग घेतलेली ही नौका १९९७ मध्ये निवृत्त झाली, पुढे काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि २०१४ मध्ये लिलावात विकली गेली. मुंबईतल्याच दारूखान्यात ती तोडण्यात आली. तिचं काही लोखंड बजाज ऑटोने विकत घेतलं आणि २०१६ मध्ये बाजारात आलेल्या 'बजाज व्ही' मोटरसायकलच्या पेट्रोलच्या टाकीसाठी वापरलं.

त्या जाहिरातीची तेव्हा बरीच चर्चा झाली. पण जुनं लोखंड वितळवून त्याचं नवं काहीतरी करणं हे स्टील उद्योगाचं रोजचं काम आहे. तुम्ही भंगारवाल्याला दिलेली गंजलेली सायकल काही महिन्यांत सळई होऊन एखाद्या इमारतीच्या स्लॅबमध्ये गेलेली असू शकते.

'स्टील शंभर टक्के रिसायकल होतं' हे वाक्य मात्र ऐकायला जितकं सोपं, तितकं प्रत्यक्षात सोपं नाही. भंगारात काय मिसळलं आहे, ते कोणी वेगळं केलं, भट्टीतून निघालेल्या कचऱ्याचं काय झालं, यावर बरंच काही ठरतं. त्यात घर बांधणाऱ्याची सुरक्षितता आहे आणि भंगार हाताळणाऱ्या कामगाराचा जीवही.

स्टील पुन्हा पुन्हा वापरता येतं, ते कसं?

कागद दर वेळी रिसायकल करताना त्याचे तंतू तुटून आखूड होतात. बहुतेक प्लास्टिकचाही दर्जा घसरत जातो. लोखंडाचं तसं होत नाही. ते वितळवलं की त्याची आधीची घडण मोडते आणि थंड होताना नव्याने तयार होते. त्यामुळे मूळ धातू कितीही वेळा वापरता येतो.

दुसरा मोठा फायदा म्हणजे लोखंड चुंबकाला चिकटतं. मिश्र कचऱ्याच्या ढिगातून प्लास्टिक, काच, ॲल्युमिनियम वेगळं करायला बरीच खटपट करावी लागते. लोखंड मात्र क्रेनला लावलेला चुंबक उचलून घेतो.

यातून किती बचत होते? केंद्र सरकारच्या २०१९ च्या स्टील भंगार पुनर्वापर धोरणानुसार, १ टन भंगार वापरलं की १.१ टन लोहखनिज आणि ६३० किलो कोकिंग कोळसा वाचतो. पाण्याचा वापर ४० टक्क्यांनी, तर हरितगृह वायूंचं उत्सर्जन ५८ टक्क्यांनी कमी होतं. कोकिंग कोळसा भारताला मोठ्या प्रमाणावर परदेशातून आणावा लागतो, त्यामुळे ही बचत पैशांचीही आहे.

स्टील बनवण्याच्या दोन वाटा

पहिली वाट खनिजाची. लोहखनिज, कोक (म्हणजे हवाबंद भट्टीत भाजलेला कोळसा) आणि चुनखडी झोतभट्टीत टाकतात. कोकमधला कार्बन खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. खाली वितळलेलं लोखंड उरतं, त्यावर पुढची प्रक्रिया करून स्टील बनतं. जमशेदपूर, भिलाई, राउरकेला हे मोठे कारखाने याच पद्धतीचे.

दुसरी वाट भंगाराची. इथे विजेची भट्टी लागते. तिचे मुख्य दोन प्रकार आहेत. आर्क भट्टीत ग्राफाइटचे जाड दांडे आणि भंगार यांच्यामध्ये विजेचा प्रचंड लोळ पेटवतात. इंडक्शन भट्टीत तांब्याच्या वेटोळ्यातून वीज सोडून चुंबकीय क्षेत्र तयार करतात आणि त्यामुळे भंगार आतूनच तापून वितळतं. घरातल्या इंडक्शन शेगडीचं तत्त्व हेच. भारतातलं साधारण एक तृतीयांश स्टील इंडक्शन भट्ट्यांमध्ये बनतं.

महाराष्ट्रात याचं ठळक उदाहरण म्हणजे जालना. बियाण्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहराच्या आसपास ना लोहखनिजाची खाण आहे, ना कोळशाची. तरीही जालन्याची सळई राज्यभर जाते, कारण इथल्या भट्ट्या भंगार आणि स्पंज आयर्नवर चालतात. स्पंज आयर्न म्हणजे न वितळवता खनिजातला ऑक्सिजन काढून तयार केलेलं सच्छिद्र लोखंड. भट्टीतला सुमारे १,६०० अंश सेल्सिअस तापमानाचा रस साच्यात ओतून त्याचे चौकोनी लांब ठोकळे, म्हणजे बिलेट, तयार होतात. ते रोलिंग मिलमध्ये लाटले की सळई बनते.

भंगार म्हणजे नेमकं कोणतं भंगार?

स्टील उद्योगाच्या दृष्टीने भंगाराचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार कारखान्याच्या आतला: बिलेटची कापलेली टोकं, वाकडी निघालेली सळई, सांडून थिजलेला धातू. त्यात काय आहे हे कारखान्याला आधीच माहीत असतं. ते सरळ पुन्हा भट्टीत जातं.

दुसरा प्रकार इतर कारखान्यांमधला. चाकण किंवा वाळूजच्या पट्ट्यात गाड्यांचे दरवाजे आणि बॉनेट दाबून काढताना उरलेल्या पत्र्याच्या पट्ट्या, लेथवर निघालेला लोखंडी चुरा वगैरे. हे भंगार बऱ्यापैकी स्वच्छ असतं, पण चुऱ्याला तेल लागलेलं असतं.

तिसरा प्रकार वापरून जुन्या झालेल्या वस्तूंचा: गाड्या, जहाजं, पाडलेल्या इमारती, फ्रीज, कपाटं, डबे. भंगारवाला हातगाडीवर गोळा करतो ते हेच. त्याच्याकडून ते छोट्या गाळ्यावर, तिथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि मग कारखान्यात पोहोचतं. गाळ्यावर बसून तांबं, पितळ, ॲल्युमिनियम, बीड, पत्रा असे ढीग वेगळे करणारे कामगार हे या साखळीतले पहिले 'क्वालिटी कंट्रोल' आहेत. त्यातल्या बहुतेकांकडे ना हातमोजे असतात, ना कामाची लेखी नोंद.

भंगारात भलतंच काही मिसळलं तर?

स्टीलच्या रिसायकलिंगमधला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे आणि त्याचे तीन भाग आहेत.

तांबं. जुन्या गाडीत वायरिंग असतं, मोटारी असतात. ते न काढता गाडी चेपून भट्टीत टाकली, तर तांबं लोखंडात विरघळतं. झोतभट्टी असो की विजेची भट्टी, एकदा मिसळलेलं तांबं नेहमीच्या प्रक्रियेत बाहेर काढता येत नाही. असं स्टील गरम असताना लाटलं की पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात. सळईत साधारण ०.४ टक्क्यांपर्यंत तांबं चालून जातं, पण गाडीच्या दरवाजासाठी लागणाऱ्या पत्र्यात ते ०.०६ टक्क्यांच्या आतच लागतं. म्हणूनच जुन्या गाडीच्या स्टीलपासून बहुतेक वेळा सळई बनते, पुन्हा गाडीचा पत्रा क्वचितच बनतो. कागदोपत्री हे 'रिसायकलिंग'च आहे, पण दर्जाच्या शिडीवर स्टील एक पायरी खाली आलेलं असतं.

स्फोट. बंद सिलिंडर, शॉक ॲब्सॉर्बर, तोंड बंद केलेला पाईप, आत पाणी साचलेला डबा यातलं काहीही वितळलेल्या रसात पडलं, तर आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते किंवा वायू झपाट्याने प्रसरण पावतो आणि तापलेला रस भट्टीबाहेर उडतो. २००४ मध्ये गाझियाबादजवळ साहिबाबादच्या एका स्टील कारखान्यात परदेशातून आलेल्या भंगारातल्या युद्धसामग्रीचा स्फोट होऊन १० कामगारांचा मृत्यू झाला. त्यानंतर आयात भंगाराच्या तपासणीचे नियम कडक करण्यात आले.

किरणोत्सर्ग. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात काही जण अचानक आजारी पडले. कुणाची त्वचा काळी पडली, कुणाचे केस गळाले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं अनेक वर्षं पडून असलेलं एक जुनं उपकरण लिलावातून या बाजारात आलं होतं आणि त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य होतं. कामगारांनी ते साधं भंगार समजून तोडलं. एकाचा मृत्यू झाला, इतरांना रुग्णालयात दाखल करावं लागलं.

असं द्रव्य भट्टीपर्यंत पोहोचलं तर काय होतं, हे त्याआधीच मेक्सिकोत दिसलं होतं. १९८३ च्या अखेरीस तिथल्या सिउदाद हुआरेस शहरात कर्करोग उपचाराच्या यंत्रातलं कोबाल्ट-६० भंगारात गेलं आणि वितळून सळयांमध्ये मिसळलं. कुणाला पत्ताही लागला नाही. जानेवारी १९८४ मध्ये अशा सळया घेऊन निघालेला एक ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेजवळून चुकून गेला. तिथलं किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र वाजलं आणि प्रकार उघडकीस आला. मेक्सिकोत त्या सळयांनी बांधलेल्या अनेक इमारती पाडाव्या लागल्या. आज बंदरांवर आणि मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर असलेल्या किरणोत्सर्ग तपासणीच्या यंत्रणेमागे अशा घटनांचा धडा आहे.

भंगारापासून बनलेली सळई कमी दर्जाची असते का?

घर बांधताना हा प्रश्न हमखास विचारला जातो. 'खनिजापासून बनलेली सळई चांगली, भंगाराची वाईट' असं सरसकट म्हणणं चूक आहे. सळईचा दर्जा तिच्यातल्या रासायनिक घटकांवर आणि लाटण्याच्या प्रक्रियेवर ठरतो.

खरी काळजी फॉस्फरस आणि गंधकाची. हे घटक वाढले की स्टील ठिसूळ होतं, म्हणजे वाकण्याऐवजी तुटतं. आर्क भट्टीत फॉस्फरस बऱ्यापैकी काढता येतो. इंडक्शन भट्टी मात्र प्रामुख्याने वितळवण्याचं काम करते, शुद्ध करण्याची तिची क्षमता मर्यादित असते. काही कारखाने भट्टीनंतर रस एका मोठ्या भांड्यात घेऊन वेगळी शुद्धीकरण प्रक्रिया करतात. तिथे गंधक कमी होतं, पण फॉस्फरसचा प्रश्न सहसा सुटत नाही. त्यामुळे भट्टीत काय टाकायचं, याची निवड अतिशय महत्त्वाची ठरते.

ग्राहकाने काय पाहावं? सळईसाठी भारतीय मानक आहे आयएस १७८६. सळईवर कंपनीचं नाव आणि 'एफई ५००' किंवा 'एफई ५००डी' असा शिक्का असतो. 'डी'चा अर्थ जास्त ताणली जाण्याची क्षमता. एफई ५०० सळई तुटण्याआधी किमान १२ टक्के ताणली गेली पाहिजे, ५००डी किमान १६ टक्के. ५००डी मध्ये फॉस्फरस आणि गंधक प्रत्येकी ०.०४० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, तर साध्या ५०० मध्ये ही मर्यादा ०.०५५ टक्के आहे. भूकंपात इमारत हलते तेव्हा सळईने ताण सहन करणं गरजेचं असतं, म्हणून हा फरक कामाचा. माल घेताना बीआयएसचा परवाना क्रमांक आणि त्या मालाचं चाचणी प्रमाणपत्र मागता येतं.

स्लॅगचं काय होतं?

गुऱ्हाळात उसाचा रस उकळताना वर मळी येते आणि ती झाऱ्याने काढून टाकतात. लोखंडाच्या भट्टीतही असंच होतं. खनिजातली माती, सिलिका, चुना हे सगळं धातूपेक्षा हलकं असल्यामुळे वर तरंगतं. त्याला स्लॅग म्हणतात. झोतभट्टीत १ टन लोखंडामागे साधारण ३०० ते ४०० किलो स्लॅग निघतो आणि पुढे स्टील बनवताना आणखी सुमारे २०० किलो. पूर्वी कारखान्यांच्या शेजारी स्लॅगच्या टेकड्याच उभ्या राहायच्या.

झोतभट्टीचा स्लॅग आता हातोहात खपतो. गरम स्लॅगवर जोरात पाणी मारलं की त्याचे वाळूसारखे दाणे होतात. ते दळून सिमेंटमध्ये मिसळतात. पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये स्लॅगचं प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकतं. सिमेंटचा मूळ घटक असलेलं क्लिंकर बनवताना चुनखडी भाजावी लागते आणि त्यातून भरपूर कार्बन डायऑक्साइड निघतो. स्लॅग वापरला की तेवढं क्लिंकर कमी लागतं. म्हणजे एका उद्योगाचा कचरा दुसऱ्या उद्योगाचं प्रदूषण कमी करतो. स्लॅग सिमेंटला सुरुवातीची ताकद थोडी हळू येते, त्यामुळे त्यावर पाणी मारण्यात हयगय चालत नाही. पण खाऱ्या हवेत आणि समुद्राजवळच्या बांधकामात ते चांगलं टिकतं, त्यामुळे किनारपट्टीच्या भागासाठी ते उपयोगी आहे.

स्टील बनवताना निघणारा स्लॅग जास्त त्रासदायक. त्यात मोकळा चुना उरलेला असतो. पाणी लागलं की तो फुगतो. असा ताजा स्लॅग रस्त्याखाली टाकला तर काही महिन्यांत रस्ता उचलला जाऊ शकतो. म्हणून तो आधी पाणी किंवा वाफ देऊन मुरवावा लागतो. त्यातलं उरलेलं लोखंड चुंबकाने काढून घेतात आणि मग योग्य आकाराची खडी करतात.

ही खडी रस्त्यासाठी वापरण्याचं तंत्र केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने पुढे आणलं. २०२२ मध्ये सुरतजवळच्या हजीरा औद्योगिक भागात सुमारे एक किलोमीटरचा सहा पदरी रस्ता पूर्णपणे स्लॅगच्या खडीने बांधण्यात आला. त्यासाठी सुमारे १ लाख टन स्लॅग लागला. संस्थेच्या म्हणण्यानुसार, या रस्त्याची जाडी नेहमीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी ठेवता आली. रोज अवजड ट्रक जाणाऱ्या रस्त्यावर हा प्रयोग झाला, हे विशेष.

त्यानंतर हे तंत्र महाराष्ट्रातही आलं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई-गोवा महामार्गाच्या इंदापूर-पनवेल टप्प्यात एक किलोमीटरचा चार पदरी स्लॅग रस्ता खुला झाला. त्यासाठी रायगड जिल्ह्यातल्या डोलवीच्या जेएसडब्ल्यू स्टील प्रकल्पातला सुमारे ८० हजार टन स्लॅग वापरला गेला. रखडलेलं काम आणि खड्डे यांसाठीच चर्चेत असणाऱ्या या महामार्गाच्या वाट्याला आलेली ही वेगळी बातमी होती. स्लॅगची खडी वापरली की तेवढी डोंगर फोडून काढलेली खडी वाचते. सह्याद्रीच्या पायथ्याशी सुरू असलेल्या खाणी पाहिल्या की या बचतीचं महत्त्व लक्षात येतं.

अडचण वाहतुकीची आहे. खडी जड असते. कारखान्यापासून जितकं लांब जावं, तितका वाहतुकीचा खर्च वाढतो आणि स्थानिक खडी स्वस्त पडते. त्यामुळे स्लॅगचा वापर बराचसा कारखान्यांच्या आसपासच्या भागात होतो.

धूळ, पापुद्रे आणि वायू

तापलेली बिलेट लाटताना तिच्या पृष्ठभागावरून काळे पापुद्रे गळतात. त्याला मिल स्केल म्हणतात. हे मुख्यतः लोखंडाचं ऑक्साइड असतं, म्हणजे जवळजवळ खनिजच. मोठ्या कारखान्यांत ते खनिजाच्या बारीक भुकटीत मिसळून, भाजून पुन्हा झोतभट्टीत टाकतात.

झोतभट्टीतून निघणारा वायूही जाळण्याजोगा असतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा वायू विषारी असल्यामुळे तो बंद पाइपातूनच न्यावा लागतो. तो भट्टीची हवा तापवायला आणि वीज बनवायला वापरतात. एकात्मिक स्टील कारखान्याच्या विजेचा मोठा वाटा त्याच्या स्वतःच्याच वायूंमधून येऊ शकतो.

भट्टीच्या धुराड्यात अडकणारी धूळ मात्र सांभाळून हाताळावी लागते. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे वितळवले की जस्ताची वाफ होऊन ती धुळीत उतरते. काही वेळा शिसंही असतं. त्यामुळे विजेच्या भट्टीतली धूळ घातक कचऱ्यात मोडते आणि ती उघड्यावर टाकता येत नाही. योग्य प्रक्रिया केली तर तिच्यातून जस्त परत मिळतं. धूळ पकडण्याची यंत्रणा बंद ठेवली तर तीच धूळ आजूबाजूच्या वस्त्यांवर आणि शेतांवर बसते. भंगारापासून स्टील बनवणारा कारखाना आपोआप 'हिरवा' होत नाही, तो यामुळेच.

मग सगळंच स्टील भंगारातून का बनवत नाहीत?

सगळ्यात मोठं कारण साधं आहे: तेवढं भंगारच नाही.

स्टीलच्या वस्तू सरासरी ४० वर्षं वापरात राहतात. गाडी १५ वर्षांत भंगारात जाईल, पण पूल आणि इमारती अनेक दशकं उभ्या असतात. म्हणजे आज मिळणारं बरंचसं भंगार १९८० च्या दशकात बनलेल्या स्टीलचं आहे. त्या दशकाच्या मध्यावर भारत वर्षाला सुमारे १.२ कोटी टन स्टील बनवत होता. २०२४ मध्ये हा आकडा १४.९ कोटी टनांच्या आसपास होता. बारा पट मागणी जुन्या भंगारातून भागणं शक्यच नाही. अमेरिका आणि युरोपात इमारती, पूल, गाड्या फार आधी उभ्या राहिल्या, म्हणून तिथे भंगारही जास्त निघतं.

ही तूट भारत आयातीतून भरून काढतो. पण आता भंगाराकडे सगळेच कच्चा माल म्हणून पाहू लागले आहेत. युरोपीय संघाच्या नव्या नियमांनुसार मे २०२७ पासून ओईसीडी गटाबाहेरच्या देशांना भंगार पाठवायचं असेल, तर त्या देशाला आधी परवानगी मिळवावी लागेल. भारत त्या गटात नाही.

दुसरं कारण विजेचं. विजेची भट्टी कोळशावर बनलेल्या विजेवर चालत असेल, तर धूर कारखान्याऐवजी वीज केंद्रातून निघतो. शिवाय भंगार कमी पडतं म्हणून इंडक्शन भट्टीत स्पंज आयर्न टाकलं जातं. भारत हा स्पंज आयर्नचा जगातला सर्वांत मोठा उत्पादक आहे आणि इथलं बहुतांश स्पंज आयर्न कोळशावर बनतं. म्हणूनच भारतात १ टन स्टीलमागे सुमारे २.५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तर जागतिक सरासरी २ टनांच्या खाली आहे.

बदलाची किंमत कोण मोजतं?

वेल्समधल्या पोर्ट टॅलबोट इथल्या टाटा स्टीलच्या कारखान्यातली शेवटची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. तिच्या जागी ब्रिटनमधल्याच भंगारावर चालणारी आर्क भट्टी उभारली जात आहे. सुमारे १२५ कोटी पौंडांच्या या प्रकल्पात ब्रिटन सरकारचा वाटा ५० कोटी पौंडांचा आहे. यामुळे कारखान्याचं उत्सर्जन सुमारे ९० टक्क्यांनी घटेल, असं कंपनी सांगते.

पण झोतभट्टी, कोक भट्ट्या आणि त्यांच्या भोवतालची कामं बंद झाली की तितकी माणसं लागत नाहीत. या बदलात ब्रिटनमधल्या २,८०० पर्यंत नोकऱ्या जातील, असं कंपनीने जाहीर केलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या कारखान्यावर जगलेल्या गावासाठी हा मोठा धक्का होता.

भारतातलं चित्र उलटं आहे. इथे भंगाराच्या साखळीत आधीच असंख्य हात आहेत, पण ते असंघटित आहेत. तोडणी आणि वर्गीकरण यंत्रांकडे गेलं की दर्जा सुधारेल. मात्र आज गाळ्यावर बसून वायर सोलणाऱ्या माणसाला त्या नव्या केंद्रात काम मिळेल का, याचं उत्तर धोरण प्रत्यक्षात कसं राबवलं जातं त्यावर अवलंबून आहे.

नियम काय सांगतात?

२०१९ च्या धोरणात गावोगावच्या तोडणी केंद्रांमधून एका मोठ्या प्रक्रिया केंद्राकडे भंगार आणण्याची रचना मांडली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये वाहन भंगार धोरण जाहीर झालं. त्याच महिन्यात टाटा स्टीलचं हरियाणातल्या रोहतक इथलं वर्षाला ५ लाख टन क्षमतेचं भंगार प्रक्रिया केंद्र सुरू झालं.

एप्रिल २०२५ पासून वाहन उत्पादकांवर आयुष्य संपलेल्या गाड्यांच्या रिसायकलिंगची जबाबदारी टाकणारे नियम लागू झाले आहेत. जून २०२५ पासून जहाजतोडणीसाठीचा हाँगकाँग करारही लागू झाला, ज्याचा थेट संबंध गुजरातमधल्या अलंगशी आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने 'ग्रीन स्टील'ची व्याख्याही ठरवली. १ टन तयार स्टीलमागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल, तरच ते हरित मानलं जाईल. १.६ टनांपेक्षा कमी असेल तर पाच तारे.

आपल्या हातात काय आहे?

- जुनी गाडी गल्लीतल्या गॅरेजला सुटे भाग करायला देण्याऐवजी नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रात द्या. तिथे मिळणाऱ्या ठेव प्रमाणपत्रावर नवीन खासगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद आहे. जुन्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा, म्हणजे तिच्या नंबरचा गैरवापर होणार नाही.
- भंगार देताना गॅस सिलिंडर, स्प्रेचे डबे, बॅटऱ्या लोखंडाच्या पोत्यात मिसळू नका. बंद डबा असेल तर तो रिकामा आहे हे पाहा आणि झाकण काढूनच द्या.
- वायर आणि मोटारी वेगळ्या द्या. तांब्याचा भाव लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे यात तुमचाही फायदा आहे. वायर जाळून तांबं काढू नका, तो धूर विषारी असतो.
- खाद्यपदार्थांचे पत्र्याचे डबे धुऊन सुक्या कचऱ्यात टाका. कोणता डबा लोखंडी आणि कोणता ॲल्युमिनियमचा, हे फ्रीजवरचा चुंबक लावून लगेच कळतं.
- बांधकाम करताना सळईच्या शिक्क्याबरोबर तिचं चाचणी प्रमाणपत्रही पाहा. स्लॅग सिमेंट तुमच्या कामाला चालेल का, हे अभियंत्याला विचारा.

एकदा तांबं स्टीलमध्ये विरघळलं की ते काढायला आज परवडणारा मार्ग नाही. ते वेगळं करण्याची सोपी आणि स्वस्त संधी भट्टीच्या आधीच असते: घरात, गॅरेजमध्ये आणि भंगारवाल्याच्या गाळ्यावर.